तांड्याची एकच हरकत

१० फेब्रु.
महामार्गाचे साहेब आले. अंगणवाडीच्या दारातच नकाशा पसरला, सावली तिथेच म्हणून. लेकरांना आत बसवून मीही डोकावले. पंचवीस वर्षांनी देश कसा दिसेल ते मोठ्या साहेबांनी सांगितलं. शांताकाकी म्हणाली, "तवर मी ऱ्हाते काय रं बाबा?" सगळे हसले.
मग दोन रेघा दाखवल्या. लाल रेघ गावाच्या हळदीच्या रानांतून. निळी आमच्या तांड्याच्या विहिरीवरून आणि खालच्या ओळीतल्या घरांवरून. काकीचं घर त्यातच. कुठली रेघ घ्यायची ते लोकांचं ऐकून ठरणार म्हणे. महिन्याभरात लेखी हरकती, मग वसमतला जनसुनावणी. त्या एका विहिरीवर अख्ख्या तांड्याचा उन्हाळा निघतो.

१३ फेब्रु.
बैठक. मामा एरवी माझे सासरे, पण आज तांड्याचे नाईक म्हणून बसले होते. ठरलं ते असं: तांड्याचा एक अर्ज, खाली नाईकाची सही. लिहायचं माझ्याकडे, दुसरं कोण आहे? आमच्या यांनी विचारलं, "समद्यांच्या सह्या घ्याव्या का?" मामांनी नुसतं बघितलं. मीच म्हटलं, कशाला? सोयरीक असो की भांडण, नाईक बोलला की तांडा बोलला. त्याखाली आपली सही म्हणजे त्यांच्या शब्दाला टेकू लावल्यासारखं.
अर्ज चांगला उतरलाय. तीनदा वाचला.

२ मार्च
कुरुंद्याला पोषण आहाराच्या कामाला गेले होते. झेरॉक्सच्या दुकानात ही गर्दी! गावातले सगळे लाल रेघेविरुद्ध हरकतींचे अर्ज काढून राहिलेत. मजकूर एकच, नाव तेवढं वेगळं. एका घरातून चार-चार. म्हातारीचा वेगळा, सुनेचा वेगळा. घरी सांगितलं तर मामा म्हणाले, "त्यांचा एकमेकावर इश्वास न्हाई." मलाही हसू आलं.

१९ मार्च, वसमत
सुनावणी. हळद शिजवायचे दिवस, तरी कढया थंड ठेवून अख्खा तांडा दोन टेम्पोंत भरून गेला. मामा काय बोलले! विहीर कोणी खणली, कोणाच्या बापाच्या अंगावर दरड पडली, सगळं. कागद नाही हातात. साहेब खाली बघून लिहीत होता.
मग त्याने माईकवरून विचारलं, "आणखी कोणाला काही बोलायचंय?" तीनदा विचारलं. आम्ही सगळे हात बांधून. शांताकाकी उठायला लागली होती, मी तिचा हात दाबून बसवलं. नाईकामागून बोलणं म्हणजे नाईकाला कमी लेखणं.
गावातले मात्र एकामागून एक. तेच ते. जेवायची वेळ टळली तरी संपेनात. कंटाळा आला नुसता.

९ एप्रिल
पंचायतीच्या फळ्यावर अहवाल लागला. गावाकडून हरकती: दोनशेच्या वर. तांडा: एक. "निळ्या मार्गास स्थानिक विरोध अत्यल्प. तोच मार्ग प्रस्तावित."
शिपाई म्हणाला, "ताई, तुमची एकच आली होती ना." त्याच्यावरच ओरडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष? अक्कल माझी गेली होती. शिकलेली म्हणून लिहायला दिलं, आणि शिकलेलीला एवढं कळू नये...
घरी कुणाला सांगितलं नाही. भाकरी दोनदा करपली.

१० एप्रिल
मामांच्या नकळत कोरे अर्ज घेऊन घरोघर फिरले. एकही सही नाही. गणपत म्हणाला, "नाईक बोलले ना वहिनी? आता आमी बोललो तर त्यांचा शब्द खाली पडतो." हिरामण, त्याचा भाऊ, तेच बोलला. शांताकाकीने तर दारातूनच सुनावलं, "तवा तूच हात दाबला व्हता. आता काहून आली?"
परत आले.

१२ एप्रिल
मामांना सांगितलं. बराच वेळ त्यांना समजलंच नाही. "एक? अर्धं सभागृह आमचं व्हतं की." म्हटलं, त्यांनी अर्ज मोजले, माणसं नाही.
संध्याकाळी बैठक बोलावली. उभ्यानेच बोलले. "माझा शब्द एकाचाच धरला. आता ज्याचं त्यानं बोला. मला इचारू नका." खाली बसले. कुणी हलेना. पहिली सही त्यांनी मलाच करायला लावली. मग शांताकाकीने अंगठा दिला. मग बाकीचे.

१६ एप्रिल
वसमतच्या कचेरीत अर्ज दिले. एकसष्ट. प्रत्येकावर शिक्का, "मुदतीनंतर प्राप्त". तिथल्या बाई म्हणाल्या, वर पाठवते, धरतील न धरतील ते वरचे बघतील. वर म्हणजे कुठे? "दिल्ली असेल," म्हणाल्या. त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

९ मे
वरून काही नाही. तिसऱ्यांदा जाऊन आले, तेच उत्तर.
आज सकाळी गणपत-हिरामणची बांधावरून जुंपली. हिरामणचं डोकं फुटलं. मामांनी अंगणात सतरंजी टाकून घेतली. असलं भांडण तासाभरात त्यांच्यापुढे येतंच. मी चहाचं आधण ठेवलं. आटलं, पुन्हा ठेवलं.
दुपारी हे बघून आले. दोघं भाऊ वेगवेगळ्या गाड्यांवर पोलीस ठाण्यात गेलेत. जाताना गणपत यांना म्हणाला, "ज्याचं त्यानं बोलायचं ठरलं ना, भाऊ."
मामांना सांगायला कुणी तयार होईना. मीच सांगितलं. "बराबर हाय," म्हणाले. मी सतरंजी उचलायला वाकले तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे जरा."