पाठीला कळणारी गाडी

९ जानेवारी
दादाचं डोकं ठिकाणावर आहे का? कान जाऊन वर्ष झालं — आणि आता जुनी गाडी मॉडिफाय करायला निघालाय! "शर्यतीत उतरणार की काय?" मी समोर उभी राहून सावकाश विचारलं. ओठ वाचून म्हणाला, "छे! बघशील."
वहिनीला विचारलं तर म्हणे, "मला नका विचारू, वन्सं. मी या घरात फक्त राहते."

१७ जानेवारी
औषधांच्या दुकानातून सुटले ती थेट गॅरेजवर. मिस्त्री वैतागलेला. "ताई, लोक गाडीची थरथर घालवायला येतात. हे म्हणतात, वाढव!" इंजिनाखालचे मऊ रबर काढून कडक बसवलेत. सीटखाली लोखंडी पट्ट्या. वरून मात्र तोच विटका रंग, दाराला तोच पोचा. मग एवढं केलं ते दिसणार कुठे?

१८ जानेवारी
काही कळत नाही. सोडून द्यावं.

२ फेब्रुवारी
आज मला चालवायला बसवलं.
"काय कळलं?"
"पाठ खिळखिळी झाली!"
"नीट बघ. गिअर मागतेय ती."
खरंच — कमरेपाशी धडधड जड झाली होती. गिअर बदलला, हलकी झाली! त्याला हे हवं, ते पटलं. पण मला कशाला? मला ऐकू येतं की! तसं म्हटलं, तर म्हणाला, "आणखी एक चक्कर मार."

१५ फेब्रुवारी
मॉडिफाय केलेल्या गाड्यांची स्पर्धा. मैदानभर जांभळ्या, सोनेरी, जमिनीला पोट टेकलेल्या गाड्या. आमची मधोमध — लग्नात घरच्या कपड्यांत आल्यासारखी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
परीक्षक आत बसले, चक्कर मारून उतरले ते पाठ चोळतच. "यात काय केलंय? सगळं इंजिन पाठीत घुसतं!" गुण कापले. उत्तेजनार्थसुद्धा नाही!
दादा घरी येईपर्यंत शीळ घालत होता. बेसूर. म्हणाला, "जिंकलो!"
"अरे, शेवटून पहिला आलास!"
"त्यांनासुद्धा पाठीतून कळलं ना? मग?"
हा जिंकला कसा? आणि मला रडू का येत होतं?

२० फेब्रुवारी
जेवणं झाल्यावर दादाने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "रोज चालवायची. शिकून ठेव. मला वेळच मिळाला नाही." मी हसले. तो हसला नाही.
"डॉक्टर म्हणाले होते, हे आपल्या रक्तातच आहे. टीव्हीवरचा आवाजाचा आकडा मला दिसतो गं. तू रोज वाढवतेस."
मी वहिनीकडे पाहिलं — ती तरी नाही म्हणेल म्हणून. ती खाली बघत होती.