अण्णांची बीएसए मार्केट यार्डापुढे जात नाही

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

अण्णांचा फोन — "भिक्या, सभा नसंल तर मळ्यात ये. बीएसए चालंना." अंधश्रद्धेविरुद्ध माझी सभा होती! रद्द केली. थोरला भाऊ बोलावतो म्हणजे बोलावतो.

मखमलाबादला गेलो. वडिलांनी देवळालीच्या लष्करी लिलावात घेतलेली ही बीएसए एम ट्वेंटी मोटारसायकल. महायुद्धातली, एका सिलिंडरची, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. थंड असताना दुसऱ्या किकला सुरू होते. पेठ रोडला मार्केट यार्ड ओलांडलं की धाप लागल्यासारखी अडखळते आणि बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू.

तेवीस तारखेला पेठला पुंजाच्या नातीचं लग्न. पुंजा अण्णांचा जुना दोस्त. "याच गाडीवर येतो," असं अण्णा पेठपर्यंत सगळ्यांना सांगून बसलेत. चौऱ्याहत्तर वय, वाटेत सावळ घाट! पण मळा पोरांच्या हाती दिल्यापासून त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलंय. गाडी व्हायलाच हवी.

नवसा वहिनी चहा देताना म्हणाल्या, "भाऊजी, र्‍हाऊ द्या ना ती गाडी. तुम्हाला दुसरी कामं नाय का?"

"कारण सापडल्याशिवाय मी सोडत नसतो, वहिनी."

"ते म्हाईत हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

११ नोव्हेंबर

प्लग काढला. कोरडा, पांढरट. ब्रिटिश गाडी तापल्यावर बंद पडली की दोष ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा — हे मी इतक्या ठिकाणी वाचलंय की दुसरीकडे बघायची गरजच वाटली नाही. मॅग्नेटो खोलायला घेतला. मिलिमीटरचा पाना बसत नाही, साधा इंची सैल होतो. जुन्या ब्रिटिश मापाचे, व्हिटवर्थचेच पाने लागतात. वडिलांची पेटी अजून आहे, नशीब. (हा शब्द कसा आला लेखणीत? राहू दे.)

अण्णा खाटेवर बसून बघत होते. "काय वक्ते! बोल्ट भाषणानं निघत नसतोय."

१२ नोव्हेंबर

देवळाली कॅम्प. मॅग्नेटो दुरुस्त करणारा राजू. त्यानं दिव्याखाली तापवून तापवून फिरवला. ठिणगी निळी, ठणठणीत.

"सर, तुम्ही तापल्यावर कधी बंद पडलात का? मग हा कशाला पडंल?"

मॅग्नेटो निर्दोष.

१४ नोव्हेंबर

सापडलं!!

सकाळी कार्ब्युरेटर साफ केला. जेट मोकळा, फ्लोट ठीक. अण्णांना घरीच ठेवून मी गाडी काढली. निघताना वहिनींनी नेहमीप्रमाणे गाडीला हळदकुंकू वाहिलं. मी तोंड फिरवून उभा राहिलो. मार्केट यार्ड गेलं आणि गाडी मेली. पेट्रोल आहे का बघायला टाकीचं झाकण उघडलं, तर — सुस्स! हवा आत ओढली गेली. झाकण तसंच सैल ठेवून किक मारली. पहिल्याच किकला सुरू!

झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत यायची. ते बुजलं की टाकीत पोकळी होते, पेट्रोल उतरत नाही. कोरडा प्लग हेच सांगत होता. थांबलं की हवा कुठूनतरी झिरपते, म्हणून पुन्हा सुरू. सगळं जुळलं.

आणि भोक कशानं बुजलं होतं? कुंकवानं! जुन्या बायका कपाळाला आधी मेण लावतात, वर कुंकू, तसंच वहिनी झाकणाला लावतात. मेण थेट भोकात. सुईनं साफ केलं. गाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणली. एकदाही अडखळली नाही.

अण्णांना सांगितलं. "अस्सं," म्हणाले. बस्स. चाळीस वर्षं ही गाडी खोलणारा माणूस झाकणाचं भोक विसरला! वय झालं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिंडोरीला व्याख्यान. विषय विवेकाचा होता. बोलता बोलता गाडी आली ओठांवर. "बंधूंनो, ज्या हातानं यंत्राची पूजा झाली त्याच हातानं यंत्राचा गळा आवळला!" सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. वहिनींचं नाव घेतलं नाही. 'माझ्या घरात' म्हणालो. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरतोय.

१८ नोव्हेंबर

वहिनी शहरात घरी आल्या. एकट्या. चहा घेतला नाही.

"व्हिडिओ पाह्यला, भाऊजी. चांगलं बोलता. लय हसली मानसं."

मी काहीतरी म्हणायला गेलो.

"थांबा. कपाळाला मेण किती लागतं ते मला कळतं. भोकात किती दाबायचं तेबी कळतं."

मग त्यांनीच सगळं सांगितलं.

श्रावणात अण्णा चालत्या गाडीवर बेशुद्ध झाले. झेंडूच्या वाफ्यात पडले म्हणून वाचले. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली. घरात कुणाला बोलायचं नाही, अशी अण्णांनी वहिनींना शपथ घातली. मग वहिनींनी शपथ पाळली आणि भोक बुजवलं. रोज. हळदकुंकवाच्या नावानं.

"भोकाचं मी तुमच्या पोराच्या तोंडून ऐकलं व्हतं, त्यो यांच्याकडं गाडी शिकायला यायचा तवा. गाडी यार्डापाशी बंद पडायची, ते तिथनंच माघारी यायचे. जिते यायचे. आता तुम्ही मोकळं केलं. जगाला गप करता ना? तुमच्या भावाला करून दाखवा."

२० नोव्हेंबर

दोनदा मळ्यात गेलो. दोनदा पावसापाण्याचं बोलून परत आलो.

२२ नोव्हेंबर

अण्णा गाडी पुसत होते. शपथ, चक्कर, डॉक्टर — यातलं काही काढलं असतं तर वहिनींचं नाव निघालं असतं.

म्हणालो, "अण्णा, मॅग्नेटो गेलाय. राजू नीट सांगत नव्हता. घाटात बंद पडेल. माझ्याच्यानं होत नाही ही गाडी."

खोटं! सपशेल खोटं. भर सभेत कधी बोललो नाही, ते भावाशी बोललो.

अण्णांनी किक मारून पाहिलीसुद्धा नाही. फडकं हँडलवर टाकलं. "मंग एस्टीनं जाऊ," म्हणाले.

२३ नोव्हेंबर, रविवार

मांडवात पुंजानं सगळ्यांसमोर विचारलं, "गाडी कुठं हाय? त्या व्हिडिओत तर झाली म्हणत व्हता हा!"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले.

"ते माझं चुकलं," मी मोठ्यानं म्हणालो. "दोष झाकणात नव्हताच. मला कळलं नाही."

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "एवढी पुस्तकं वाचली, अन् एक गाडी होईना याला! न्हाईतर मी आलोच असतो." सगळे हसले. पंगतीत अण्णा दोन माणसांचं जेवले.

परतीच्या एस्टीत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मेण मला पहिल्याच दिवशी दिसलं व्हतं, भिक्या. 'गाडी होत नाही' एवढं चारचौघांत तू बोलावं, म्हणूनच बोलावलं व्हतं तुला."