मास्टरणीचा लाल

१० फेब्रुवारी
सकाळी नऊच्या उजेडात सुताची लच्छी हौदावर धरली. मास्टरीण माशाच्या डोक्यावरचा ठिपका दोन शेड उतरलाय. काल वाटलं उन्हाचा दोष. आज सावली करून पाहिलं, तरी तेच. लाल कसला, गाजर झालंय.
चौतीस वर्षं डाइंगमध्ये कलर मास्टर होतो. इतर काही बिघडलं असेल, डोळा नाही.

११ फेब्रु.
दिवसभर लच्छी समोर. जुनंच आठवत बसलो.
सुलभाने पाच कोई मासे आणले तेव्हा वैतागलो होतो. कामतघरच्या या घरात मागे एकच हौद, त्यात हिने मासे सोडले. एक पांढराशुभ्र, डोक्यावर तेवढा लाल ठिपका. नाव ठेवलं मास्टरीण. म्हणाली, "तुम्हाला सगळी दुनिया मास्टर म्हणते. मना कोन मास्टरीण म्हणतं? मंग हिलाच म्हणू."
वर पैज. हा लाल सुतावर आणून दाखवा. दोन लच्छ्या नापास. एक "इटकरी हाय", दुसरी "शिळी हाय". तिसरी हौदाशी धरून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "पास." मोठमोठ्या व्यापाऱ्यांनी माझा माल पास केलाय, पण तसा आनंद पुन्हा नाही झाला.
लच्छी तिने शिवणाच्या डब्यात ठेवली. उजेड लागला नाही, म्हणून सहा वर्षांनीही रंग जशाचा तसा.
दिवाळीनंतर ती गेली. मासा आहे, लच्छी आहे. दोन्ही जुळत नाहीत.

१४ फेब्रु.
माशांच्या दुकानात गेलो. पोरगेलासा दुकानदार मला शिकवतो, "काका, माशाचा लाल आतून येतो, खाण्यातून." जन्मभर बाहेरून रंग चढवला, आता हे ऐका. रंगाचं खाणं घेतलं. दिवसाला चिमूटभर.

२ मार्च
ठिपका तसाच. डाइंगमध्ये शेड कमी आली की डोस वाढवायचा. वाढवला. दिवसातून दोनदा, चांगलं मूठभर.

१७ मार्च
अति तिथे माती. पांढरं अंग पिवळं पडलं, जुन्या बनियनसारखं. ठिपका आहे तिथेच.
शेजारच्या अन्वरभाईंनी कुंपणावरून पाहिलं. सगळी उमर लूमवर गेलेला माणूस, बोलायला काय जातं. "मास्टर, मछली है, सूत नहीं. और कितना रंगोगे?"
सुंभ जळालं तरी पीळ जात नाही, दुसरं काय. रंगाचं खाणं बंद.

१९ मार्च
मनीषाचा कल्याणहून फोन. "बाबा, दुकानात मासा बदलून देतात म्हणे. दुसरा लालभडक आणू."
म्हटलं, लालभडकाचं मी काय करू? आणि फोन ठेवला.
मग वाईट वाटलं. पोरीची आई गेलीय, माझी एकट्याची बायको नाही गेली. हे तोंडावर बोलता येत नाही तिच्याशी.

२५ मार्च
मनीषाने व्हिडिओ पाठवला. गेल्या मे महिन्यातला. खाली काही लिहिलेलं नाही. राग गेला असावा.
सुलभा हौदाच्या कठड्यावर. स्टीलची वाटी काठावर दोनदा वाजवते, मासे वर येतात. पाणी हिरवं. भिंती शेवाळाने काळ्याकुट्ट. त्यात मास्टरीण, अगदी लच्छीचा लाल.
मागून माझा आवाज. "अगं, घासून घे तो हौद. किती घाण ती."
ती मागे वळूनसुद्धा बघत नाही. "र्‍हाऊ दे. तुमचं डाइंग न्हाय ते. त्यांना बरा वाटतंय."
सात वेळा पाहिला.

२६ मार्च
लिहूनच टाकतो.
तेरावं झालं, पाहुणे गेले, घर खायला उठलं. हाताला काहीतरी हवं होतं. मासे पिंपात काढले आणि हौद तळापर्यंत घासला. आतून फिका निळा रंग दिला. स्वच्छ, देखणा. नवा रंग चढवायचा तर आधीचा टब लख्ख हवा, एवढंच या हातांना ठाऊक.
आज दुकानदाराला विचारलं. म्हणाला, "फिक्या भिंतीत मासा फिका पडतो काका. काळपट हौद हवा, थोडं हिरवं पाणी. भिंत निळी केलीय हे आधी नाही का सांगायचं?"
नाही सांगितलं. मला काय माहीत. तिला माहीत होतं.
"रंग परत येईल?"
"येतो कधी. कधी नाही येत."
तिने सहा वर्षं राखलेलं शेवाळ मी एका दुपारी गटारात सोडलं. मासा नाही फिका पडला, मी पाडला. घरी येऊन रडलो.

५ एप्रिल
शेवाळ पुन्हा धरेपर्यंत हौदाचा हवेचा पंप चालू ठेवायचा, बाकी काही करायचं नाही. हेच अवघड. ब्रश दोनदा हातात घेतला, ठेवला.
पाण्याला हिरवट झाक. भिंतीवर बोट फिरवलं, किंचित बुळबुळीत. इतकी वर्षं ज्याच्या नावाने बोंब मारली तेच आता रोज चाचपून बघतो.

१९ एप्रिल, अक्षय्य तृतीया
मनीषा आली. सुलभाच्या नावाने पाण्याची घागर पुजली. आमरस केला, मनीषाने आईसारखी वेलची जास्त घातली.
जेवून हौदाशी गेली. "बाबा, काहीच दिसत नाही. सगळे आहेत ना?"
पाणी पालक उकडल्यासारखं झालंय. सुलभाची वाटी आणली, काठावर दोनदा वाजवली. तोंडं वर आली. मोजली, पाच. मास्टरीण ओठांपुरतीच वर, कपाळ पाण्याखाली.
"लाल आला का?"
लच्छी सकाळपासून खिशात होती. काढली नाही. म्हटलं, "पास मी कधीच करत नव्हतो. तुझी आई करायची."
ती बराच वेळ कठड्यावर बसून राहिली, आईच्या जागी.
संध्याकाळी घासायचा ब्रश अन्वरभाईंना देऊन टाकला. म्हणाले, "वापस मत माँगना, मास्टर."
नाही मागणार. बहुतेक.