बेल वाजवून पळायचं

८ नोव्हेंबर

चि. ढब्बू यास,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

आशीर्वाद नेहमीचे, धपाटा पार्सलबद्दल. गुडघ्याचे पट्टे आणि तेलाच्या बाटल्या मी दोरीची गाठही न सोडता परत पाठवल्या आहेत. तुझं औषधाचं दुकान आहे म्हणून घरातल्या प्रत्येकाला काहीतरी झालंच पाहिजे असं नाही. जन्मभर शाळेत खेळ शिकवले मी. पोरींना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, त्या काय नुसत्या झाडाखाली बसून? गुडघे बोलू लागले की घर आवरून तुझ्याकडे राहायला येईन, असं कबूल केलंय ते माझ्या लक्षात आहे. अजून ते गप्प आहेत.

आणि मला सध्या वेळ नाही. बिस्किटांचा कारखाना बंद पडला हे तुला कळवलं होतंच. इथे दर दोन घरांआड एका घरात कुणीतरी हात बांधून बसलेलं आहे. म्हणून आम्ही लायब्ररीमागच्या हॉलमध्ये मदत मंडळ काढलंय. तांदूळ, पीठ, तेल, साबण, मुलांसाठी बिस्किटं असं खोक्यात भरायचं आणि दर शनिवारी घरोघरी पोचवायचं. पहिल्या शनिवारी आम्ही खोकी हातात देऊन आलो आणि तिथेच चुकलो. पिवळ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कारखान्यातला एक मेकॅनिक राहतो. त्याच्या बायकोने खोकं स्वतः उचलून परत हॉलवर आणलं, टेबलावर ठेवलं, आणि अगदी गोड शब्दांत सांगितलं की आमच्यापेक्षा गरजू माणसं आहेत, त्यांना द्या. दोन मुली आहेत घरात. धाकटीच्या बुटातून अंगठा बाहेर आलेला मी स्वतः पाहिलाय. खोकं फुकट गेलं याचं काही नाही रे, पण त्या पोरी उपाशी झोपतील या विचाराने मला घास जाईना.

मग मी नियम काढला. खोकं दाराशी ठेवायचं, बेल वाजवायची आणि पळायचं. दार उघडायच्या आत जिना रिकामा झाला पाहिजे. देणारा दिसला नाही म्हणजे परत करायचं कुणाला? आणि नियमाचा दुसरा भाग असा, की कुणी बेल वाजवून पळालं तर त्याचा माग काढायचा नाही, आलेलं खोकं मुकाट्याने घरात घ्यायचं. हे आम्ही गल्लोगल्ली पाट्या लावून जाहीर केलंय. सगळ्या मंडळींना हॉलच्या जिन्यावर शिट्टी वाजवून सराव दिला. रिटायर्ड पोस्टमन सगळ्यांत चपळ निघाला, केशकर्तनवाला दोनदा आपटला.

सौ.ला आशीर्वाद सांग. लोभ असू दे, पार्सलं नकोत.

तुझी,
ताई

१५ नोव्हेंबर

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. नातवंडं झाली तरी पाकिटावर ढब्बू लिहितेस. आमचा पोस्टमन हल्ली मला ढब्बूकाका म्हणतो. वजन उतरलं, नाव काही उतरत नाही.

पार्सल पोचलं. दुकानातला गडी हसला आणि पत्ता न बदलता पुढच्या वेळेसाठी फळीवर ठेवून दिलं. एवढी सवय झाली आहे त्याला.

तुझं पत्र मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. बेल वाजवून पळायचं या वाक्याशी ही थांबली आणि तिने विचारलं की पळणार कोण? मागच्या उन्हाळ्यात तू इथे होतीस तेव्हा जिना खेकड्यासारखी आडवी उतरायचीस, आणि कुणी पाहिलं की भिंतीवरचा रंग बघत होते म्हणायचीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी तू. तेव्हा मला सरळ उत्तर हवंय. तिसऱ्या मजल्यावर कोण जातं? पोस्टमन जातो असं लिही, म्हणजे मी शांतपणे जेवेन.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर पाठव.

तुझा,
ढब्बू

२४ नोव्हेंबर

चि. ढब्बू यास,

अनेक आशीर्वाद. धपाटा या वेळी मलाच हवा आहे.

तिसऱ्या मजल्यावर मी जाते. कॅप्टनने सगळ्यांत अवघड जिना घ्यायचा, हे मीच सगळ्यांसमोर छाती काढून बोलून बसले होते. चढताना काही त्रास नाही झाला. दम लागला एवढंच. खोकं ठेवलं, बेल वाजवली, ऐटीत वळले, आणि उजवा गुडघा आहे तिथेच अडकला. पुढे नाही, मागे नाही. कठडा धरून उभी राहिले. तेवढ्यात दार उघडलं.

ती माझ्याकडे बघते, मी खोक्याकडे बघते. माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं की मी दातांचा दवाखाना शोधत आले, वाट चुकले, आणि हे खोकं आधीपासून इथेच होतं. दातांचा दवाखाना म्हणे! कवळी हसता हसता पडायची बाकी होती. पहिल्या खेपेला मी मागे उभी होते, डोक्याला स्कार्फ बांधून, त्यामुळे तिने ओळखलं नाही.

खरं सांगते ढब्बू, त्या बाईने मला हाताला धरून आत नेलं. खुर्ची एकच होती, त्यावर मला बसवलं. डब्यात तळाला राहिलेली साखर चमच्याने खरवडून माझ्या चहात घातली, मी ते पाहिलं. नवऱ्याने माझा गुडघा मशीनसारखा हलवून कान लावून ऐकला आणि झीज झाली आहे, जास्त लोड देऊ नका असं निदान केलं. मग ती मला सांगत बसली की अशी खोकी सोडून लोक चोरासारखे पळतात, परत द्यायचं तर कुणाला देणार. आपल्याला कुणी ओळखीच्या माणसाने दिलं असतं तर घेतलं नसतंच, असंही म्हणाली. मी मान डोलावली. मी कोण ते तिला कळलं तर दुसऱ्या दिवशी सगळं परत येणार, हे आरशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

तिने माझी चौकशी केली. थाप एकदा मारली की तिला पोसावी लागते. मी एकटी आहे, कधी जेवते, कधी नाही, विचारपूस करायला फारसं कुणी नाही, असं बोलून गेले. दोन्ही मुली मला दोन्ही बाजूंनी धरून घरापर्यंत पोचवायला आल्या. थोरली माझ्याच शाळेत आहे, पण मी निवृत्त झाल्यावर आलेली, म्हणून तिकडून धोका नाही.

आता मी दर शनिवारी जाते. खोकं ठेवते, बेल वाजवते आणि पायरीवर बसून घेते. दार उघडलं की म्हणते, भेटायला आले होते, आणि बघा तर, आजही कुणीतरी ठेवून गेलंय! तीही गालाला हात लावून आश्चर्य करते. साधी माणसं आहेत, चटकन विश्वास ठेवतात.

एक वाईट बातमी. माझी शिट्टी हरवली. शाळेने निरोपाला दिलेली पितळी, शाळेची खूण कोरलेली. लाल दोरी जुनी झाली होती, कुठेतरी तुटून पडली असेल. गळा रिकामा रिकामा वाटतो.

लोभ असू दे. पार्सलं तरीही नकोत.

तुझी,
ताई

१ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. आधी हसून घेतलं, मग रागावलो, आता लिहितोय.

विचारपूस करायला फारसं कुणी नाही? दर पंधरवड्याला पत्र लिहिणारा मी, तुझ्या मोजे-मफलरांची काळजी करणारी ही, आम्ही काय भिंतीवरची कॅलेंडरं? हिने डोळ्याला पदर लावला. नंतर कळलं की हसू आवरत नव्हतं.

ताई, मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की कुणी बघत नाही. दर शनिवारी खोकं आणि तू एकाच पायरीवर सापडता, आणि त्यांना काही कळत नाही? आणि शाळेच्या जिन्यात ढालींबरोबर तुझा हातभर मोठा फोटो लावलाय तो काढला का त्यांनी? थोरली रोज त्याच जिन्याने वर्गात जात असेल. मला काळजी तुझ्या फजितीची नाही. त्या बाईला कळलं आणि तिने दार लावून घेतलं तर त्या पोरींच्या ताटाचं काय? आता तरी पोस्टमनला पाठव.

आणखी एक, राग मानू नकोस. ती बाई खोकं परत आणून टेबलावर ठेवते तर तुला घास जात नाही. माझं पार्सल तू गाठ न सोडता परत पाठवतेस तेव्हा मला कसा जात असेल? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दिलेलं घेता येत नाही, हा आजार तुम्हा दोघींना एकच आहे. माझ्या दुकानात त्यावर औषध नाही.

लोभ परत पाठवता येत नाही, तेव्हा तो ठेवून घे.

तुझा,
ढब्बू

१६ डिसेंबर

चि. ढब्बू यास,

अनेक अनेक आशीर्वाद. उशीर झाला. तुझ्या पत्राचा राग आला होता, तो उतरायला वेळ लागला.

आधी गमतीची गोष्ट. खोक्यांसाठी वर्गणी जमावी म्हणून आम्ही मैदानावर शर्यत ठेवली. पळणाऱ्याने पिशवीभर धान्य द्यायचं, नुसतं बघणाऱ्याने दोन पिशव्या. त्यामुळे अख्खं गाव पळालं. माझी शिट्टी नाही, म्हणून मी पातेल्याची दोन झाकणं एकमेकांवर आपटून शर्यत सुरू केली. केशकर्तनवाला दचकून उलट्या दिशेने धावला आणि त्याला वाटेत आडवे आलेले सगळे त्याच्यामागे वळले. पहिला कोण आला ते अजून ठरलेलं नाही. मेकॅनिकच्या मुलीही बापाबरोबर आल्या होत्या, हसून हसून लोळत होत्या. मी त्यांना पाहून झाकणाआड तोंड लपवलं.

आता दुसरी गोष्ट. गेल्या रविवारी संध्याकाळी माझी बेल वाजली. मी उठेपर्यंत वेळ लागतोच. दार उघडलं तर कुणी नाही. कोपऱ्यावरून पळत जाणाऱ्या पावलांचा आवाज आणि दाबून धरलेलं हसू. पायाशी खोकं.

ढब्बू, ते खोकं मीच भरलेलं. कोपऱ्यावर मी चिकटपट्टी तिरकी लावते ना, तशीच होती. आत माझ्याच हाताने मोजलेल्या तांदळातले अर्धे. धुतलेल्या बाटलीत अर्धं तेल. साबणाची वडी दोऱ्याने मधोमध कापलेली. बिस्किटांचा अख्खा पुडा. त्याखाली एक बुटकं लाकडी स्टूल, घडी घालता येणारं, हातात धरायला दोरी असलेलं. जिन्याच्या वळणावर टेकायला. त्या मेकॅनिकच्याच हातचं काम आहे, बिजागरी अशी की आवाज नाही. आणि सगळ्यांत तळाशी माझी शिट्टी. घासून लखलखीत केलेली, नव्या लाल दोरीत ओवलेली.

बेल वाजवून ठेवलेल्या पहिल्याच खोक्यात पडली असणार ती, भरताना. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी दातांचा दवाखाना सांगत होते तेव्हा शिट्टी बहुतेक माझ्याच पायाशी होती. नंतर दर शनिवारी ती गालाला हात लावायची ते माझ्यासाठी. आणि तरी तिने खोकं परत केलं नाही. ओळखीच्या माणसाकडून घेणार नाही म्हणणारी बाई घेत राहिली, कारण अर्धं माझ्यासाठी बाजूला काढत होती.

मी दारातच बसून रडले. परत न्यावं म्हणून खोकं उचललंसुद्धा. मग पाटी आठवली. माग काढायचा नाही, मुकाट्याने घरात घ्यायचं. स्वतःच्या अक्षरात लिहिलेली पाटी, करणार काय? शेरास सव्वाशेर भेटली. पुडा फोडून बिस्किटं खाल्ली, चहात बुडवून.

काल शनिवार होता. स्टूल घेऊन गेले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले, मग चढले. खोकं ठेवलं, बेल वाजवली. दार उघडलं. गळ्यात शिट्टी होती. मी म्हटलं, बघा तर, कुणीतरी ठेवून गेलंय. तिने गालाला हात लावला. मग आम्ही चहा प्यायलो.

गुडघे दुखतात रे. चांगलेच दुखतात. पण घर सोडून यायचं नाही मला, अजून नाही. शनिवारी मला इथे काम आहे.

लोभ असू दे.

तुझी,
ताई

२२ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हिने वाचलं, कारण माझा चष्मा धूसर झाला होता.

शेवटची ओळ आम्ही नीट तपासली. लोभ असू दे, एवढंच आहे. पार्सलं नकोत हे नाही. चुकून राहिलं असेल तर आता उशीर झाला. गड्याने फळीवरून ते काढलंय, मी दोन मोजे आणखी कोंबलेत, हिने मफलर.

घर सोडून ये असं म्हणणार नाही. पुढच्या शनिवारी तिसऱ्या मजल्यावर दोन खोकी न्यायची असतील तर मी एक उचलेन, दम तुझ्याआधी मलाच लागेल.

त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तुझी बेल वाजेल. दाराशी पार्सल असेल. सावकाश उठ, घाई करू नकोस. मी पळणार नाही.

तुझा,
ढब्बू