ज्याने गुडघे टेकले नाहीत

लिपोवा, १२ मार्च २०२३

चि. रादिम यास आजोबांचे अ. उ. आ. रागात लिहिले असले तरी आशीर्वाद खरेच आहेत.

आजी खुशाल आहे. गुडघे दुखतात, पण जीभ धडधाकट आहे. काल तिनेच मला तुझी बातमी दिली, आणि तीही बटाटे सोलता सोलता, जणू बाजारभाव सांगावा तशी. सप्टेंबरात तुझं आनेश्काशी लग्न, हे ठाऊक होतं. मुलगी गुणी आहे. मला प्रश्न विचारते आणि उत्तर संपेपर्यंत थांबते, असं आपल्या घरात कुणी करत नाही. पण लग्नानंतर तू तिचं आडनाव घेणार? रादिम नेक्लेक्लचा रादिम नोवाक होणार?

अरे, या देशात दगड भिरकावला तर तो नोवाकालाच लागतो. प्रत्येक जिन्यावर एक नोवाक, प्रत्येक दवाखान्याच्या रांगेत चार. आणि नेक्लेक्ल किती? गेल्या वर्षी तुझ्या आईने सरकारी यादी पाहून मला फोनवर सांगितलं होतं: चार. मी, आजी, तुझी आई आणि तिचंच नाव लावणारा तू. तू गेलास की उरतील तीन म्हातारी माणसं.

हे नाव आपल्याला कुणी सहज दिलेलं नाही. १६५२ साली सरदाराची माणसं आली, सगळ्या गावाला चर्चमध्ये कोंडलं आणि नव्या धर्मापुढे गुडघे टेकायला लावले. सगळे टेकले. एक मार्टिन तेवढा उभा राहिला. तेव्हापासून लोक त्याला म्हणू लागले, नेक्लेक्ल, ज्याने गुडघे टेकले नाहीत तो. सत्तर साली मला शाळेच्या चौकशी समितीपुढे बसवलं आणि विचारलं, की अडुसष्टला आलेले रशियन रणगाडे मदतीला आले होते हे मान्य आहे ना. एक 'हो' म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती. मी 'नाही' म्हटलं, कारण माझ्या पाठीशी मार्टिन उभा होता. एकोणीस वर्षं बॉयलरमध्ये कोळसा टाकला. फळा सुटला, नाव सोडलं नाही.

आणि तू ते नोंदणी कचेरीतल्या टेबलावर सोडून येणार, छत्री विसरावी तसं?

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि मला माझं बोलता येत नाही. लिही. रागावलेल्या म्हाताऱ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा आजोबा,
बोहुमीर नेक्लेक्ल


ब्रनो, २६ मार्च

ती. आजोबांस, सा. न. वि. वि. (नमस्कार उभ्यानेच. आपल्या घराण्यात गुडघ्यांचं प्रकरण नाजूक आहे.)

तुमचं पत्र आनेश्काने मोठ्याने वाचलं. छत्रीपाशी ती इतकी हसली की शेजारच्या बाईंनी भिंत ठोकली. तिने सांगायला सांगितलंय, की तिच्या आडनावाचे लोक जिन्यावर भेटतात हे खरं, पण ते निदान जिना झाडतात.

नाव का बदलतोय, याची सोपी कारणं आधी सांगतो. प्रत्येक कचेरीत ते तीनदा उच्चारावं लागतं. शाळेत मुलं माझ्या पोटरीवर लाथ मारून बघायची, की आता तरी टेकतो का. हे मी सहन केलं असतं.

खरं कारण आई आहे. तुम्ही समितीपुढे 'नाही' म्हणालात तेव्हा ती सहा वर्षांची होती. अठराव्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. अर्जावर नाव वाचलं आणि कुणीतरी तो बाजूला ठेवला. आज ती ओलोमोउत्सच्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीत बसते आणि डॉक्टरांकडे जाणाऱ्यांची नावं लिहिते. चाळीस वर्षं. ती कधी तक्रार करत नाही. हे मला व्लास्ता आत्याआजीने सांगितलं, तेही तिसऱ्या ग्लासानंतर. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर नाव हे आणखी एक माणूस होतं आजोबा, आणि पहिलं वाढप त्याचं असायचं. माझ्या मुलांच्या टेबलावर मला ते नकोय.

पण तुमच्यासमोर मी तरी कधी जिंकलोय? म्हणून सौदा. जुनी दप्तरं आता संगणकावर पाहता येतात. १६५२ चा मार्टिन मी स्वतः शोधतो. तुम्ही सांगता तसा तो सापडला, तर मी नाव ठेवीन. शब्द देतो.

आजीला सांगा, लग्नाआधी शेजाऱ्यांत वाटायचे गोड कोलाचे पाव तिच्याच हातचे हवेत, निम्मे खसखशीच्या सारणाचे. लोभ वाढवा, कमी करायची मुभा नाही.

तुमचा
रादिम


ब्रनो, ११ जून

ती. आईस, सा. न. वि. वि.

तुला पत्र लिहितोय, कारण फोनवर माझा आवाज तू ओळखशील आणि आधीच काळजी करशील.

सौद्याबद्दल सांगितलं होतंच. आजोबांनी तो आनंदाने मान्य केला, एवढंच नव्हे, तर खानावळीत बिअरच्या टेबलावर जाहीरही केला. आता अख्खं लिपोवा निकालाची वाट बघतंय. महिनाभर मी ती जुनी अक्षरं लावत बसलो. आधी नाव मागे मागे जात राहिलं आणि मला, खरं सांगतो, अभिमान वाटायला लागला.

मग १७३१ पाशी अडलो. तिथे याकुब व्राना नावाचा माणूस नेक्लेक्लांच्या घरी घरजावई म्हणून आला, आणि पुढच्या ओळीत तोच याकुब नेक्लेक्ल झाला. तेव्हा नाव माणसाचं नसायचं, घराचं असायचं. जो उंबरा ओलांडून राहायला आला, त्याला ते लागायचं. म्हणजे आपण रक्ताने व्राना. आजोबा यावर हसले असते. आणि ते घर तर सहकारी शेती आली तेव्हा पाडलं. त्यावरून आता डांबरी रस्ता जातो.

पण १६५२ चं पानही सापडलं. मार्टिन आहे. पाद्र्याने लिहिलंय: मार्टिन, शेतकरी, गवताच्या गाडीखाली सापडल्यापासून उजवा गुडघा वाकत नाही. प्रार्थनेला बाकावर बसण्याची परवानगी दिली. लोक त्याला नेक्लेक्ल म्हणतात.

एवढंच. सरदार नाही, कोंडलेलं गाव नाही. ज्याला गुडघे टेकता येत नव्हते, असा एक लंगडा.

मी ते पान चार वेळा वाचलं. आजोबांना हे कसं लिहू? न लिहू तर काय लिहू? मी नाव सोडत होतो ते तुझ्या बाजूला ठेवलेल्या अर्जापायी, म्हणून तुझ्याइतका हे सांगायचा अधिकार कुणाला नाही. तू म्हणशील तसं करीन.

तुझा
रादिम


ओलोमोउत्स, १५ जून

चि. रादिम यास आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र खिडकीतच वाचलं. रांगेतले एक म्हातारे गृहस्थ दोनदा खाकरले, तेव्हा भानावर आले.

घरी येऊन हसले. मग स्वयंपाकघराचा दिवा न लावता बसून राहिले. चाळीस वर्षं मी मनाशी म्हणत आले, की माझं शिकणं एका शूर माणसापायी गेलं. शूर माणसापायी गेलेलं सोसता येतं. ते गवताच्या गाडीपायी गेलं, हे कुठे ठेवू ते कळत नाही.

पण बाबांना सांगू नकोस. त्यांच्याकडून शाळा काढून घेतली, भाषणं काढून घेतली. नंतर एकोणनव्वदला ती राजवट कोसळली तेव्हा चौकात बोलायला बोलावलं आणि पुन्हा विसरले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांच्याजवळ तो मार्टिन एकटाच आहे. तो लंगडा आहे हे त्यांना कोण सांगणार? मी नाही.

मात्र खोटं लिहिलंस तर तुझ्याच शब्दात तू अडकशील. नाव ठेवावं लागेल. हे तुझं तू ठरव. तू माझ्यासाठी नाव सोडत होतास, हे मला पहिल्यांदाच कळलं, आणि मी तुला ते सोडूही देऊ शकत नाही. कसली ही आई!

जेवण वेळेवर घेत जा. आनेश्काला माझे आशीर्वाद.

तुझी आई,
हेद्विका


ब्रनो, २० जून

ती. आजोबांस, सा. न. वि. वि.

तुम्ही जिंकलात. १६५२ च्या पानावर मार्टिन आहे. सगळ्यांनी गुडघे टेकले, हा एकटा ताठ उभा राहिला, आणि त्याच्या हट्टाला काय करावं ते सुचेना, असं पाद्र्याने मोठ्या रागाने लिहिलंय. खानावळीत खुशाल सांगा.

शब्द दिला होता. नाव ठेवतो. मधे एक घरजावई आहे, म्हणून रक्ताचा तेवढा अभिमान धरू नका. बाकी भेटीत. असाच लोभ असू द्या.

रादिम


लिपोवा, २७ जून

चि. रादिम यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. मजकूर समजला. ठरल्याप्रमाणे होतंय, बरं वाटलं. आजीने खसखस आणून ठेवली आहे. पाऊस नाही.

आजोबा


लिपोवा, १४ सप्टेंबर

चि. हेद्विकास बाबांचे आशीर्वाद. घेशील की नाही, ठाऊक नाही.

लग्नाला पाच दिवस झाले. तुझी आई अजून पाहुण्यांचे ग्लास मोजते आहे. मी तुला लिहितोय. रादिमला लिहायचं धाडस नाही म्हणून, आणि हे खरं तर तुझंच पत्र आहे म्हणून. त्याला यायला एक्केचाळीस वर्षं लागली.

मी पहिल्या रांगेत होतो, तू माझ्या शेजारी. अधिकारी बाईंनी रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचलं: नवरदेव नेक्लेक्ल हे नाव ठेवेल, नवरी आपलं नोवाक हे नाव ठेवेल, आणि मुलांचं आडनाव नोवाक राहील. बॉयलरने माझा एक कान नेला आहे, पण बाईंच्या बाजूला दुसरा होता. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. पोराने शब्द अक्षरशः पाळला. नाव त्याने ठेवलं, त्याच्यापुरतं. मी कुठे बोट ठेवू?

ठेवायचा हक्कच मला नाही. आता सांगतो. ते पान मी १९६९ च्या नोव्हेंबरात वाचलं आहे. इतिहासाचा मास्तर मी. माझं नाव माझ्याच गावच्या दप्तरात शोधल्याशिवाय राहीन का? गवताची गाडी, उजवा गुडघा, बाकाची परवानगी, सगळं वाचलं. वही मिटली, आणि दोन महिन्यांनी, सत्तर साल लागताच, समितीपुढे गेलो.

रादिमने लिहिलं, पाद्री रागावला होता. त्या पानावर पाद्री रागावलेला नाही ग. दयाळू आहे बिचारा. पोरगं खोटं बोललं हे पहिल्या ओळीत कळलं, आणि मला सांगू नकोस असं तू त्याला म्हणालीस हे दुसऱ्या ओळीत; मला असं जपणारं दुसरं कोण आहे? त्याच दिवशी मी उत्तर लिहायला बसलो: तू मोकळा आहेस, हवं ते नाव घे. दोन मसुदे केले, दोन्ही चुलीत घातले. मला नाव हवं होतं. सरकारपुढे जो वाकला नाही, तो पोराच्या दयेपुढे निमूट वाकला आणि चार ओळी लिहून गप्प बसला.

समितीपुढे माझ्या पाठीशी कुणीही नव्हतं, हेद्विका. मार्टिन नव्हता, नाव नव्हतं. बत्तीस मुलांना मी फळ्यासमोर सांगितलं होतं, की रणगाडे परक्यांचे आहेत आणि ते न बोलावता आले आहेत. त्या बत्तीस तोंडांकडे बघून उलटं सांगणं मला जमलं नसतं. 'नाही' माझं होतं. एकट्याचं. तू सहा वर्षांची आहेस, हे मला त्या खोलीत आठवलं होतं. आठवूनही म्हटलं.

आणि मग ब्याऐंशीचा जून. मी अंगणात चेरीच्या बिया काढत होतो. तू विद्यापीठाच्या नकाराचं पाकीट घेऊन आलीस, समोर उभी राहिलीस आणि विचारलंस, की माझं असं होणार हे तेव्हा माहीत असतं, तरी बाबा तेच बोलले असते का. मी तुला मार्टिन दिला. पाऊण तास बोललो, नाव, घराणं, तीनशे वर्षं. कारण तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर कुणी रागावू शकत नाही, आणि समोर बसलेल्या बापावर रागावता येतं. तू ऐकून घेतलंस आणि चेरीची पाटी उचलून आत नेलीस. पुन्हा कधी विचारलं नाहीस.

आज उत्तर देतो. होय, तेच बोललो असतो. तेव्हाही, आजही. म्हणून तर मला तुझी माफी मागता येत नाही. जे पुन्हा करीन, त्याची माफी कशी मागायची? आयुष्यभर लोकांना शब्दांनी उठवलं, बसवलं. या एका ठिकाणी माझ्याजवळ शब्द नाही, आणि आता ज्याच्या नावावर ढकलावं, असा पूर्वजही उरला नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा, असं लिहायची आपली रीत. ते मागायला आज तोंड नाही. आहे का, एवढंच कळव.

बाबा