दोन हात मागे

मी, ज्याला गावात सगळे गादीवाला म्हणतात तो, वय एकाहत्तर, धंदा कापूस पिंजून गाद्या भरण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी मानगुटीवर बसलेले नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. भुलवण्याचा प्रयत्न मात्र दोन्ही बाजूंनी भरपूर झाला, हे नोंदवून ठेवतो. जन्मभराचा कापूस छातीत साठला आहे. डॉक्टर म्हणाले, नवी कामे घेऊ नका. त्याचा अर्थ मला समजतो. मरणाचे भय वाटत नाही. दमलो आहे, एवढेच. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

वकीलबाईंनी बजावले होते की आधी मालमत्ता लिहा, मनातले नंतर. तसे लिहायला बसलो, पण जमले नाही. माझ्या मालमत्तेत भांडण लागावे असा एकच जिन्नस आहे, तो म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचा उपासनेचा हॉल, आणि तो कोणाला का देतो हे सांगायचे तर मंडळीची सगळी हकीकत सांगावी लागते.

कलम १. घराच्या मागच्या दोन खोल्या, गाद्यांचा कारखाना, त्याला लागून असलेला हॉल आणि खालची जागा, बँकेतली शिल्लक आणि हत्यारे, एवढे माझे आहे. पुढच्या दोन खोल्या माझ्या नाहीत. त्या मी हयातीतच माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या नावावर करून दिल्या. वडिलांनी सगळे मुलाच्या नावावर लिहिले आणि मुलीला शिलाईचे मशीन दिले, तो अन्याय होता. बक्षीसपत्राचा कागद मी वकीलबाईंच्या हाती पाठवला. ताईने उलट निरोप पाठवला, "त्याला सांगा, उशीर केलास." यावर माझे काही म्हणणे नाही. या मृत्युपत्राने ताईला काहीही मिळणार नाही. त्याचे कारण कलम ७ मध्ये आहे.

कलम २. मंडळीची हकीकत. गावात पेंटेकॉस्टल मंडळी आणली ती ताईने. पाळकाने, म्हणजे आमच्या धर्मगुरूने, नव्हे, आणि वखारवाल्याने तर नव्हेच, मग तो काहीही सांगत फिरो. तरुणपणी ती दुखण्यातून उठायला मावशीकडे जाऊन राहिली होती. तिथे तिने पहिल्यांदा अशी उपासना पाहिली, जिथे माणसे मोठ्याने रडतात, न शिकलेल्या अन्य भाषांत बोलतात, प्रार्थना झाली की पवित्र आत्म्याच्या स्पर्शाने उभ्याची आडवी होतात. परत आली ती हेच घेऊन. वडील म्हणाले, घरात हा गोंधळ चालणार नाही. म्हणून कारखान्यात सुरू झाले. कापसाच्या ढिगांत पाचसहा माणसे बसायची. शेजारची इस्त्रीवाली, एक निवृत्त पोस्टमन, त्याची बायको, आम्ही दोघे. नाकात कापूस जाऊन स्तोत्राच्या मध्येच कोणीतरी शिंकायचे.

सगळ्यांत आधी इस्त्रीवाली पडली. ताईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाई सरळ मागे गेली, ढिगात नाहीशी झाली. आम्ही घाबरून कापूस उपसला तर ती आत हसत होती. त्यानंतर पुष्कळ जण पडले. कोणाला साधे खरचटले नाही. ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादात कोणी लक्षात घेतली नाही. आमची मंडळी पडायला शिकली ती कापसावर.

माणसे वाढली. वडील गेल्यावर मागच्या अंगणात मी हॉल बांधू दिला. फरशी वखारवाल्याने दिली. त्याची लाकडाची वखार तेव्हा जोरात होती आणि त्याला चकचकीतच हवी होती, तोंड दिसेल अशी. तोंड दिसायचे, खरे आहे. पण दुसऱ्याच उपासनेला पोस्टमनचे डोके आपटले. तेव्हा ताई मला म्हणाली, "तू मागे उभा राहत जा. गाद्या उचलतोस, माणसं काय जड."

असा मी झेलणारा झालो. हे काम कोणी शिकवत नाही. कमरेला धरायचे नसते, काखेखाली हात घालायचे असतात, गुडघे वाकवून वजन अंगावर येऊ द्यायचे आणि हळू खाली ठेवायचे. तोंडाकडे बघायचे नाही, टाचांकडे बघायचे. टाचा उचलल्या की माणूस खरेच चालला. जो आधी मागे वळून बघतो तो पडत नाही, बसतो. गावातले लोक थट्टा करायचे की हा आधी झेलतो आणि मग गादी विकतो. माझी कंबर त्या कामात गेली, गाद्या उगाच बदनाम झाल्या. कोण खरे पडले आणि कोण बसले, हे मला सगळे ठाऊक आहे. ते मी कोणाला सांगितले नाही, बायकोलासुद्धा नाही, आणि तिने मरेपर्यंत विचारायचे सोडले नाही. मी स्वतः कधी पडलो नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाच्या मागे कोणी नसते.

कलम ३. फूट. वखारवाल्याने एकदा बाहेरचा उपदेशक बोलावला. माणूस बोलायला पट्टीचा होता. त्याने पहिल्याच दिवशी मला सगळ्यांदेखत विचारले की तुम्ही मागे का उभे, आत्म्यावर भरवसा नाही का? देव तारी त्याला कोण मारी, असेही म्हणाला. मला भिंतीकडे जायला सांगितले. पाळक जमिनीकडे बघत राहिले, म्हणून मी गेलो. मग ताई पुढे आली. इतक्या वर्षांत तिने शेकडो लोकांसाठी प्रार्थना केली, पण स्वतः कधी पडली नव्हती. त्या दिवशी पडली. मी भिंतीपासून धावलो. माझा हात तिच्या डोक्याखाली पोहोचला, पण कंबर फरशीवर आली आणि खुब्याचे हाड मोडले.

पुढे जे झाले ते बघून मला वाटते की मोडलेले हाड त्यातल्या त्यात बरे, ते निदान जुळते. वखारवाला म्हणाला, गादीवाल्याने हात मध्ये घातला म्हणून इजा झाली. शाळेचे मास्तर म्हणाले, झेलणाऱ्याला हाकलले म्हणून इजा झाली. मास्तर माझ्या बाजूने बोलले खरे, पण वर आणखी म्हणाले की बाईंना चक्कर आली असेल, आत्म्याने पाडले असते तर लागले नसते. हे ताईच्या कानावर गेले. हाडापेक्षा ते तिला जास्त लागले. मी दवाखान्यात गेलो तेव्हा ती छताकडे बघत होती. म्हणाली, "तुझा हात आला नसता, तर मी कापसावर पडल्यासारखी पडले असते."

मी म्हणालो, "हात आला नसता, तर तुझं डोकं फुटलं असतं."

आमचे शेवटचे बोलणे ते. ती वखारवाल्याच्या बाजूला गेली, कारण ते तिचे पडणे खरे मानत होते. मला मास्तरांच्या बाजूला जावे लागले, कारण दुसऱ्या बाजूला झेलणाऱ्याला कामच नव्हते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची? पाळक दुसऱ्या गावी बदली मागून सुटले. गावाने आमची नावे ठेवली, झेलणारे आणि पडणारे. तेव्हापासून हॉल सकाळी त्यांचा, संध्याकाळी आमचा. एका दाराला दोन कुलपे. एकाने दुसऱ्याच्या वेळेला आपले कुलूप लावून ठेवले म्हणून दोनदा पोलीस येऊन गेले. खुर्च्यासुद्धा वाटल्या, निम्म्या निळ्या रंगवल्या. एकमेकांसाठी प्रार्थना दोन्हीकडे होते, पण ती कशी असते ते ऐकणाऱ्याने ऐकावे.

जन्मभर मी एक नियम पाळला, तो इथे एकदाच मोडतो. ताईला चक्कर आली नव्हती. मी भिंतीशी होतो, पण तिच्या टाचा पाहिल्या. तिने मागे वळून पाहिले नाही. जेवढे लोक माझ्या हातांवर पडले, त्यांतले कोणी इतके खरे पडले नाही. मास्तरांनी हे कलम मंडळीसमोर उभे राहून वाचावे.

कलम ४. हॉल आणि खालची जागा दोन्ही बाजूंच्या लोकांना मिळून देत आहे. एका बाजूला द्यावा म्हणून वखारवाला तीनदा फळे घेऊन आला आणि मास्तर रिकाम्या हाताने पण जास्त वेळ बसले. दोघांनाही मी हो म्हणालो नाही. दाराला एकच कुलूप राहील. वेगवेगळे भेटायचे तर भेटा, मी काही तुम्हाला एका खाटेवर निजवू शकत नाही. पण जागा विकता येणार नाही, मध्ये भिंत घालता येणार नाही, आणि कलम ६ दोघांनाही पाळावे लागेल.

कलम ५. डॉक्टरांनी नको म्हटल्यावरही मी एक गादी भरली आहे. हॉलच्या पुढच्या भागाच्या मापाची आहे, जाड, दाट टाके घातलेली. कारखान्यात गुंडाळून ठेवली आहे, उचलायला सहा माणसे लागतील. प्रार्थनेला लोक उभे राहतात त्यांच्या मागे ती फरशीवर अंथरावी. मग मागे झेलणारा ठेवा किंवा नका ठेवू. कापूस कोणाच्या बाजूचा नाही. बँकेतल्या शिल्लकीतून माझे दफन करावे आणि उरेल त्यातून दर काही वर्षांनी ही गादी पिंजून पुन्हा भरून घ्यावी. दाभण, कातर आणि पिंजायचे यंत्र इस्त्रीवालीच्या सुनेला द्यावे, तिचा टाका सरळ पडतो. मागच्या खोल्या आणि कारखानाही तिलाच. मास्तरांना दारावरचे दुसरे कुलूप आठवण म्हणून द्यावे. वखारवाल्यासाठी एक उशी शिवली आहे. बोलायच्या आधी तिच्यावर डोके ठेवून थोडे पडावे, अशी विनंती आहे.

कलम ६. यासाठी हा सगळा खटाटोप. ताई रोज सकाळी काठी घेऊन बाजारात जाते. औषधांच्या दुकानापुढची फरसबंदी उखडलेली आहे आणि बँकेच्या पायऱ्यांना कठडा नाही. जुळलेला खुबा तिला केव्हाही दगा देईल. ती कोणाचा हात धरणार नाही, विचारायला जाल तर काठी खाल. म्हणून हाड जुळून ती पुन्हा चालायला लागल्यापासून मी रोज तिच्या मागून चालतो. तिला अजून पत्ता नाही, असे धरून चालतो. मी गेल्यावर मागे कोणी नसेल. खरे सांगायचे तर मरणाबद्दल मला एवढीच एक काळजी आहे, बाकी सगळे कंटाळवाणे आहे.

तर हॉल ज्यांना मिळेल त्यांनी, एक दिवस झेलणाऱ्यांपैकी आणि एक दिवस पडणाऱ्यांपैकी, असा एक माणूस तिच्या मागे पाठवावा, ती असेपर्यंत. अंतर दोन हात ठेवावे. त्याहून कमी ठेवले तर तिला कळते, जास्त ठेवले तर पोहोचता येत नाही, हे मला माहीत आहे. बोलू नये. पिशवी मागू नये. नजर टाचांवर असावी. ज्याला खोकला असेल त्याने त्या दिवशी जाऊ नये, दुसऱ्याला पाठवावे. ती पडली तर काखेखाली धरावे आणि मग हात मध्ये घातल्याबद्दल ती जे बोलेल ते निमूट ऐकून घ्यावे. एका बाजूने हे चुकवले तर हॉल दुसऱ्या बाजूचा. वकीलबाई म्हणाल्या की काका, ही अट कोर्टात टिकेल याची मी खात्री देत नाही. मी म्हणालो, तरी मी लिहिणार. आमच्या माणसांना कोर्टाची भीती नाही, पण हॉल दुसऱ्याला जाईल याची आहे.

कलम ७. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये, असा कायदा आहे. हे मला वकीलबाईंनी सांगितले त्या दिवशी मी ताईला यातून पूर्ण वगळले. तिला काही द्यायचे नाही असे नाही. तिला साक्षीला बोलावता यावे म्हणून. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, फक्त समोर बसून सही करताना बघायचे असते. तेवढा वेळ तरी आम्ही एका खोलीत असू. निरोप पाठवला आहे. तिने उत्तर दिलेले नाही. ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना उभा आहे, तेव्हा ती आली नाही तर मी राग धरणार नाही. दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी ठेवली आहे. ती आली नाही तर तिथे ऑफिसच्या कारकुनाने सही करावी.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, आणि जिथे फार कडू झाला तिथे खोडला. थोडा कडू राहिला आहे, तो राहू द्यावा.

ठिकाण : वकीलबाईंचे ऑफिस, पहिला मजला
दिनांक : ११ नोव्हेंबर, सोमवार

लिहून ठेवणार :
(सही) गादीवाला

साक्षीदार पहिला :
लिहून ठेवणार यांना मी तपासले आहे. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. खोकला फार आहे. सही माझ्यासमोर केली.
(सही) दवाखान्याचे डॉक्टर

साक्षीदार दुसरा :
सही करणारा माझा धाकटा भाऊ. मजकूर मी वाचलेला नाही, वाचायचाही नाही. सही माझ्यासमोर केली. वकीलबाई म्हणाल्या, आणखी काही लिहायचं असेल तर लिहा, म्हणून लिहिते. हा रोज बाजारापर्यंत माझ्या मागून चालतो. खोकल्यावरून मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आज जिना चढतानाही मागे होता, तीनदा थांबला. उतरताना मी मागे राहीन.
(सही) ताई