बारा व्होल्टची बाग

५ जानेवारी
हिला घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, आमच्या हातात काही नाही. म्हणजे सुधारणा आहे. नाहीतर सोडलं असतं का? मुलगी उगाच जिन्यात तोंड फिरवून रडली. हिची कॉट बागेकडच्या खोलीत लावली.
संकल्प : संध्याकाळी हिला पडल्या पडल्या दिसतील असे बागेत दिवे. बारा व्होल्टचे, म्हणजे शॉकची भीती नाही. चार दिवसांचं काम.

९ जानेवारी
कागदावर प्लॅन तयार. ट्रान्सफॉर्मर गॅरेजपाशी, एकच लांब वायर, तिच्यावर ओळीने दहा दिवे. वायरमनला दाखवला. म्हणाला, साहेब, एवढ्या लांबवर शेवटचे दिवे मिणमिणतील, दोन लाइनी टाका. मी फिजिक्समध्ये डिस्टिंक्शनवाला! चहा पाजून त्याला वाटेला लावलं.
ही म्हणाली, प्लॅन इथे बसून काढा ना. पण कॉटजवळ टेबल कुठंय?

१७ जानेवारी
चर खणला, वायर पुरली, माती थापली, वर कुंड्या मांडल्या. मग स्विच दाबला. पहिले चार झकास. पुढचे मिणमिणते. शेवटचा लागला की नाही, देव जाणे. वायरमनला कळू द्यायचं नाही.

१८ जानेवारी
वायरमनला बोलावलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. आता दोन लाइनी. पुन्हा खणणं आलं.

२५ जानेवारी
नव्या वायरवर फावडं बसलं. माझंच. त्यात मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही आईजवळ बसत का नाही? म्हटलं, अगं, मग हे सगळं चाललंय कोणासाठी?
खरं तर आत औषधांचा वास असतो. शिवाय ही हल्ली टक लावून माझ्याकडे बघते, तेव्हा मला काय बोलावं सुचत नाही. बाहेर निदान हात चालतात.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
दहाच्या दहा लागले! अंगणातूनच ओरडून विचारलं, दिसतंय का? आतून आवाज आला, छान दिसतंय हो, आता या आत. विचारलं, तिसरा दिवा डावीकडे हवा की उजवीकडे? जरा थांबून म्हणाली, डावीकडे. हिची नजर अजून पक्की आहे! सरकवला.

११ फेब्रुवारी
रोज एखादा दिवा सरकवतो. आज म्हणाली, आता अगदी मनासारखं झालं, काही राहिलं नाही, या. आवाज बारीक झालाय, थंडीने असेल. पण पायरीखाली एक दिवा हवाच. तो झाला की रोज तासभर हिच्याजवळ बसायचं. नक्की.

१३ फेब्रुवारी
पायरीचा दिवा बसवत होतो. मुलीने हाक मारली. स्क्रू अर्धा पिळला होता, म्हटलं, आलोच. हात धुऊन आत पोचलो, तोवर सगळं संपलं होतं.

२८ फेब्रुवारी
पाहुणे परतले. मुलगी कॉट हलवायची म्हणाली, मी नको म्हटलं.
संध्याकाळी दिवे लावले आणि हिच्या जागी आडवा झालो. म्हटलं, हिला कसं दिसायचं ते बघू तरी. खिडकी उंचावर. तिथून दिसते शेजारच्यांची पाण्याची टाकी. दिवा एकही नाही. उशी दुमडली, कोपरावर उठलो. टाकीच.
मुलीला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाली, हो. आई म्हणायची, त्यांना इथे बसवत नाही गं, बोलू नकोस काही, रमू दे बाहेर.
ढसाढसा रडलो, लहान मुलासारखा. मग खुर्ची ओढून कॉटजवळ बसलो. मुलगी जेवायला बोलवायला आली. म्हटलं, थांब जरा, आत्ताच तर बसलोय.